इंचभर खाली

येझदी रोडकिंग घरी आली १९८३ मध्ये, तेव्हा घरातली मुलगी तीन वर्षांची होती. बाबांच्या पुढ्यात टाकीवर बसून सारसबागेत जायची. पाय टेकायची काळजी बाबांची. येझदी बनवणारा म्हैसूरचा आयडियल जावा कारखाना १९९६ मध्ये बंद पडला, पण गाडी सदाशिव पेठेतल्या वाड्यातून कोथरूडच्या पार्किंगमध्ये आली आणि चालत राहिली. गिअरचाच दांडा आत दाबून उभा केला की त्याची किक होते, हे तिला बाबांनीच शिकवलं.

चाळिशीनंतर गुडघा कुरकुरू लागला. सिग्नलला नुसते चवडे टेकत. कर्वे रस्त्यावर एकदा पाय टाकला तिथे नेमका खड्डा निघाला आणि गाडी आडवी झाली. विकायचा प्रश्नच नव्हता. मग गाडीलाच खाली आणायचं ठरलं.

नाना पेठेत शॉकअप मिळतात, पण नुसतं गाडीचं नाव सांगून भागत नाही. वरच्या बुशच्या मध्यापासून खालच्या बुशच्या मध्यापर्यंत लांबी मोजून न्यावी लागते. तिने हौसेने दोन इंच आखूड जोडी आणली. बाबा मागे बसले, पहिल्याच गतिरोधकावर टायर मडगार्डला घासला आणि रबराचा वास सुटला. साइड स्टँडवर गाडी जवळपास सरळ उभी राहायची, जरा धक्का लागला तरी पलीकडे कलंडेल अशी. डबल स्टँडवर चढवायला दोघं लागायची. मागची बाजू बसल्यामुळे पुढचा फोर्क जास्त तिरपा झाला, गाडी वळायला आळस करू लागली.

ती जोडी उतरवली. दुसरी फक्त इंचभर आखूड, पण स्प्रिंग कडक. दबायला जागा कमी आणि वजन तेवढंच, म्हणून लांबी कमी करताना स्प्रिंग मऊ ठेवणं ही सगळ्यात घातक काटकसर. मागे इंचभर उतरलं तरी सीट साधारण पाऊण इंचच उतरते, कारण बसणारा दोन चाकांच्या मध्ये असतो. उरलेलं काम सीटवाल्याने फोम तासून केलं. साइड स्टँडही थोडा कापून घेतला.

नळ स्टॉपच्या सिग्नलला तिची टाच टेकली. मागून बाबांनी वाकून पाहिलं.

जुने शॉकअप माळ्यावर आहेत, वर्तमानपत्रात गुंडाळलेले. वर बाबांच्या अक्षरात चिठ्ठी: ‘रोडकिंगचे मूळ. टाकू नयेत.’