तेल तापेपर्यंत

मंडळी, गेल्या आठवड्यात धाकट्या चिरंजीवांचा जर्मनीहून फोन आला. त्याने 'ती' गाडी विकली. घरातल्यांना वेगळं सांगायला नकोच, पण इतर वाचकांसाठी सांगतो. बीएमडब्ल्यूची झेड-४, दोनच माणसांची, २०१० साली बनलेली. तीन लिटरचं सहा सिलिंडरचं इंजिन, त्याला दोन टर्बो. त्याने ती जुनीच घेतली होती, तरी दोन वर्षांची शिल्लक त्यात गेली होती. राहायला इंगोलश्टाट गावात. ते गाव आउडी गाड्यांचं, त्यामुळे शेजारीपाजारी त्याची भरपूर थट्टा करायचे!

"घेणाऱ्या मुलाला कागदपत्रं दिली, किल्ल्या दिल्या आणि पहिल्या दहा मिनिटांचं सांगितलं," तो म्हणाला. आणि मला एकदम २०१४ सालची जानेवारीतली ती पहाट आठवली.

माझं इंजिनाचं ज्ञान बजाज चेतकपुरतं. हिवाळ्यात चोक ओढायचा, स्कूटर एका अंगाला कलती करायची आणि देवाचं नाव घेऊन किक मारायची. त्यातून कऱ्हाडच्या स्टँडवर पहाटे एसटी गाड्या जागच्या जागी घुरघुरत उभ्या असलेल्या पाहिलेल्या. (तो बराचसा वेळ ब्रेकच्या टाकीत हवेचा दाब भरण्यात जायचा, हे मला फार उशिरा कळलं.) तेव्हा गाडी आधी उभ्या जागी तापवायची, असा माझा पक्का समज. तिकडे गेलो त्या पहिल्याच सकाळी मी मुलाला म्हणालो, "अरे, जरा तापू दे की."

तो हसला. म्हणाला, "बाबा, इथे उगाच इंजिन चालू ठेवायला कायद्याने बंदी आहे. आणि फायदाही नाही. उभ्या गाडीला काम नसतं, मग उष्णता कुठून येणार? थंड इंजिनात पेट्रोल जास्त सोडावं लागतं, त्यातलं थोडं सिलिंडरच्या भिंतीवरचं तेल धुऊन खाली उतरतं. सुरू करायची आणि लगेच हळू निघायचं."

मग त्याने मला काटा दाखवला. पुष्कळ गाड्यांत फक्त पाण्याच्या तापमानाचा काटा असतो. या गाडीत तेलाचा होता. पाणी सिलिंडरच्या भोवतीच खेळतं, आणि सुरुवातीला थर्मोस्टॅट त्याला रेडिएटरकडे जाऊच देत नाही. त्यामुळे पाणी पाच-सात मिनिटांत तापतं. तेल बिचारं खालच्या भांड्यात, वाऱ्याच्या तोंडी. त्याला दहा-पंधरा मिनिटं लागतात. थंडीत तेल काकवीसारखं घट्ट असतं, बारीक वाटांतून ते हवं तसं वाहत नाही. टर्बोचा दांडा मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतो, तो तेलाच्या पातळ थरावरच तरंगत असतो. पिस्टन ॲल्युमिनियमचे, तेही तापून फुगले म्हणजे नीट मापात बसतात. म्हणून तेल तापेपर्यंत गाडी पळवायची नाही. पाणी तापलं म्हणजे इंजिन तयार झालं, हा फसवा हिशेब.

दुसरी गोष्ट ऐकून मी चाटच पडलो. मला वाटायचं, गाडी जोरात हाणली की इंजिन जास्त तापू देत असतील. या इंजिनात उलटं आहे. पाण्याचा पंप विजेवर चालतो आणि इंजिनातला संगणक तापमान ठरवतो. निवांत चालवत असाल तर पाणी सुमारे ११२ अंशांपर्यंत जाऊ देतो, कारण गरम इंजिनात घर्षण कमी आणि पेट्रोलची बचत. (प्रेशर कुकरसारखा दाब आणि पाण्यात मिसळलेला द्रव, म्हणून शंभराच्या वर जाऊनही ते उकळत नाही.) साधारण चालीला १०५, जोर वाढला की ९५ आणि अगदी पिळायला लागलात की ८०! मोठं काम अंगावर आलं की आधी थोडी जागा राखून ठेवायची, असा प्रकार.

गाडीत 'स्पोर्ट' नावाचं बटणही होतं. ते दाबलं की पाय ठेवताच गाडी उसळते. काही नव्या गाड्यांत असं बटण दाबलं की पाण्याचं तापमानही खाली आणतात. ज्यांचे गिअर आपोआप बदलतात अशा गाड्या या बटणाने खालच्याच गिअरमध्ये रेंगाळतात. फेरे वाढतात, तेल लवकर तापतं. "मग सकाळी तेच दाबावं की," मी म्हणालो. "थंड तेलावर जास्त फेरे? तेच तर टाळायचं आहे ना, बाबा!" शिक्षकाला शिकवणी मिळाली.

आता ती पहाट. रात्री अडीचला पुतण्याचा फोन आला. ताई कऱ्हाडच्या दवाखान्यात, अवस्था नाजूक. आई गेल्यावर मला वाढवलं ते या ताईने, हे नात्यातल्या मंडळींना ठाऊकच आहे. मुलाने तासभर खटपट करून म्युनिकहून सकाळच्या विमानात एक जागा मिळवली. वाटेत एकदा विमान बदलून मुंबई. सामान बांधता बांधता उशीर झाला. पाच अठराला आम्ही गाडीत बसलो. खिडकी सहाला बंद होणार होती आणि विमानतळ सत्तरएक किलोमीटर. बाहेर उणे सहा अंश, रस्ता कोरडा.

आणि हा पठ्ठ्या रोजच्यासारखाच निघाला! गावातून हळू, बिनआवाजाचा. हमरस्त्याला लागल्यावर तरी वेग धरेल म्हणावं, तर एका मालट्रकच्या मागे जाऊन बसला. दोन्ही बाजूंना अंधारात हॉप्सच्या वेलांचे उंच खांब उभे होते, ओसाड, द्राक्षं काढून नेलेल्या मांडवासारखे. मी घड्याळ बघत होतो. पाच पंचवीस. पाच अठ्ठावीस. मनात आलं, याला आत्याची किंमत नाही, लोखंडाची आहे. पण बोललो नाही. तोही बोलला नाही. अधूनमधून काट्याकडे बघत होता.

साडेपाच झाले. काटा ऐंशीच्या पुढे सरकला. त्याने एवढंच म्हटलं, "धरून बसा."

पुढचं काय सांगू! वेगमर्यादा नसलेल्या पट्ट्यात गाडी दोनशेच्या वर होती आणि इंजिनाचा आवाज एका सुरात लागला होता. विमानतळाची पाटी आली तसा तो पुन्हा हळू झाला. पाच छप्पनला दारात. मी बॅग घेऊन धावलो. मागे इंजिन बंद झालं होतं, पण पंखा घरघरत होता. तापलेल्या टर्बोला गार करायला पाण्याचा पंपही थोडा वेळ चालू राहतो म्हणे.

ताईने मला ओळखलं. "एवढ्या लांबून आलास?" म्हणाली. चौथ्या दिवशी गेली.

हे सारं इतकी वर्षं मनात होतं. परवा फोनवर विचारलंच, "त्या पहाटे मी तुला मनातल्या मनात किती शिव्या घातल्या, ठाऊक आहे?"

"मनातल्या मनात कुठे, बाबा? दर मिनिटाला घड्याळ बघत होतात." मग थोडं थांबून म्हणाला, "मला भीती वाटत होती. थंड इंजिन पिळलं असतं आणि मध्येच काही झालं असतं, तर पहाटे त्या रस्त्यावर दुसरी गाडी कुठून आणली असती?"

मला काही सुचेना. लहानपणी हाच मुलगा सकाळी आवरायला वेळ लावायचा आणि मी रोज ओरडायचो, "आटप लवकर!" शाळेतही पहिल्या तासाला, चार-चार मैल चालत आलेल्या पोरांना मी बसल्या बसल्या सनावळ्या विचारायचो. आली नाही की छडी. त्यांतली काही पोरं पुढे शाळेतच आली नाहीत. घड्याळाकडे माझं लक्ष असायचं. पोरांकडे बघायला हवं होतं.

असो. शेवटी विचारलं, "गाडी घेणारा मुलगा केवढा आहे?"

"बावीस-तेवीसचा."

"ऐकेल का तो?"

"वाटत नाही."

"मग सांगितलंस कशाला?"

"तुम्ही नाही का सांगायचात, बाबा? साठ-साठ पोरांना, रोज?"