प्रसिद्धीची भरती

कीर्ति आणि प्रसिद्धि हे दोन शब्द एकाच अर्थाचे आहेत, अशी हल्लीं पुष्कळांची समजूत झालेली दिसते. आमचें आयुष्य मुलांना शब्दांचे अर्थ सांगण्यांत गेलें; म्हणून ह्या दोन शब्दांतील अंतर थोडें उकलून सांगावेंसें वाटतें. कीर्ति ही कृतीच्या मागून सावकाश चालत येते, आणि पुष्कळदां कर्ता गेल्यावर त्याच्या दारीं पोहोंचते. प्रसिद्धीला कृतीची वाट पाहावी लागत नाहीं. एखाद्या सकाळीं वर्तमानपत्रांत चार ओळी छापून येतात, रात्रीं दूरचित्रवाणीवर तेंच दृश्य झळकतें, आणि कालपर्यंत ज्या गांवाचें नांव तालुक्याबाहेर फारसें कोणास ठाऊक नव्हतें, त्या गांवच्या वाटेवर मोटारींची रांग लागते. गांवानें मात्र आदल्या दिवसाहून निराळें असें कांहींच केलेलें नसतें!

आम्हां राहुरीकरांस हा प्रकार अगदींच अपरिचित नाहीं. घरांना दारें नसलेलें म्हणून गाजलेलें शनिशिंगणापूर आमच्या शेजारच्या नेवासें तालुक्यांतलें. २०११ सालीं एका बँकेनें तेथें कुलपावांचून शाखा उघडली. २०१६ सालीं चौथऱ्यावर स्त्रियांना प्रवेश असावा कीं नसावा, ह्या वादानें त्या खेड्याचें नांव देशभर झालें. परंतु शिंगणापूर आमच्या इतकें जवळ आहे कीं त्याच्याविषयीं तटस्थपणें लिहिणें कठीण. ज्या गांवाच्या संबंधानें हा प्रश्न आमच्या मनांत खोल रुतून बसला, तें गांव दूर समुद्रकांठीं आहे. रायगड जिल्ह्यांतील श्रीवर्धन तालुक्यांतलें तें दिवेआगर.

आम्हां घाटावरच्यांचा समुद्राशीं संबंध तो किती? मुळा धरणाच्या जलाशयाला ज्ञानेश्वरसागर असें नांव आहे. तोच आमचा सागर. त्यामुळें १९९७ सालच्या नोव्हेंबरांत दिवेआगरची बातमी वाचली, तेव्हां नकाशा उघडून तें गांव शोधावें लागलें. त्या महिन्याच्या १७ तारखेस, संकष्टी चतुर्थीच्या दिवशीं, तेथील एका बाईंच्या सुपारीच्या वाडींत खणतांना तांब्याची पेटी लागली, आणि पेटींतून गणपतीचा सोन्याचा मुखवटा व कांहीं अलंकार निघाले. मुखवट्याचें वजन एक किलोहून अधिक भरलें. ज्या मातीवर रोज पाटाचें पाणी फिरत होतें, तिच्याच पोटांत एवढें धन पिढ्यान्‌पिढ्या निजून राहिलें होतें, ही कल्पनाच अशी कीं कोणाचेंही मन तिकडे ओढ घेईल. पुढें गांवच्या गणेशमंदिरांत त्या मुखवट्याची स्थापना झाली, आणि दिवेआगरची यात्रा सुरू झाली.

दुसऱ्या वर्षीं दिवाळीच्या सुटींत आम्हीही सहकुटुंब निघालों. राहुरीहून पुणें, पुण्याहून घाट उतरून माणगांव, तेथून म्हसळें आणि बोर्ली पंचतन, असा एस. टी.चा प्रवास करून पोहोंचलों तों दिवस कलला होता. मंदिराच्या रांगेंत आम्ही तासभर उभे राहिलों. पुढेंमागें जें बोलणें चाललें होतें, त्यांत दोनच प्रश्न पुनःपुन्हां कानीं पडत होते : वजन किती, आणि आजच्या भावानें किंमत किती? तें घडविणारा कारागीर कोण असेल, पुरून ठेवणाऱ्यावर कोणता प्रसंग ओढवला असेल, असें विचारणारा कोणी आढळला नाहीं. दर्शन झालें कीं मंडळी मोटारींत बसून परतत. पायीं जाण्याच्या अंतरावर सुरूच्या बनापलीकडे समुद्र होता. त्याच्याकडे वळणारे फार थोडे.

एवढ्या माणसांची सोय करण्याची गांवाला संवय नव्हती. उतरण्यास जागा मिळेना, तेव्हां एका वाडीच्या मालकांनीं आम्हांला आपल्या ओटीवर पथारी टाकूं दिली. त्यांच्या पत्नीला आम्ही काकू म्हणूं लागलों. रात्रीं त्यांनीं उकडीचे मोदक केले, आणि सकाळीं निघतांना आमच्या सौभाग्यवतींनीं जेवणाचे पैसे विचारले, तेव्हां काकूंची चर्या अशी झाली कीं जणूं कांहीं अनुचित विचारलें गेलें. पाहुण्याला भाव सांगावयाचा कसा, ही त्यांची अडचण. आणि रोज परक्या माणसांना फुकट वाढून घर चालावयाचें कसें, ही दुसरी. शेवटीं त्यांनीं उंबऱ्याशीं एक ताम्हन ठेवलें आणि पाठ वळवून म्हणाल्या, "काय घालायचं तें ह्यांत घाला." त्या ताम्हनांत आम्हांला त्या गांवाची सारी अवस्था दिसली.

परतण्यापूर्वीं काकांनीं आम्हांला रूपनारायणाच्या देवळांत नेलें. विष्णूची ती शिलाहारकालीन मूर्ति पाहून आम्ही बराच वेळ तेथून हललों नाहीं. प्रभावळींत दशावतार कोरलेले आहेत, आणि पाषाण असा घडविला आहे कीं तो धातूचा भासावा. देवळांत आमच्यावांचून दुसरें कोणी नव्हतें. ह्या गांवचें प्राचीनत्व केवळ मूर्तींत नाहीं. शके ९७५ च्या, शिलाहार राजा मुम्मुणि ह्याच्या वेळच्या ताम्रपटांत दीपकागर असें जें नांव येतें तें ह्याच गांवाचें. त्याहून विशेष म्हणजे येथेंच सांपडलेला शके ९८२ चा, म्हणजे इ. स. १०६० चा ताम्रपट मराठींत आहे, आणि आपल्या भाषेच्या प्राचीनतम कोरीव लेखांत त्याची गणना होते. त्यांत सुवर्णाच्या गद्याणांचा उल्लेख आहे, आणि घैसास हें आजहि आपल्यांत चालणारें उपनांव आहे. साडेनऊशें वर्षांपूर्वींच्या माणसानें आपल्याला आपल्याच बोलींत हांक मारावी, ह्याहून मोठें धन तें कोणतें? पण ह्या ताम्रपटासाठीं दिवेआगरच्या वाटेवर कधीं मोटारींची रांग लागल्याचें आम्हीं ऐकलें नाहीं.

पुढें वर्षांमागून वर्षें गेलीं. २०१२ सालच्या मार्च महिन्याची २४ तारीख उजाडली, ती भयंकर बातमी घेऊन. पहांटेच्या अंधारांत दरोडेखोरांनीं मंदिर फोडून मुखवटा नेला, आणि पहाऱ्यावर असलेल्या दोघां माणसांस ठार केलें. ज्या वर्तमानपत्रांनीं चौदा वर्षांपूर्वीं सोन्याचें वजन छापलें होतें, त्यांनींच आतां ही वार्ता छापली. कांहीं दिवसांनीं तपासाचे धागे पोहोंचले ते आमच्याच, तेव्हांच्या अहमदनगर आणि आतांच्या अहिल्यानगर जिल्ह्यांत! मुखवटा वितळवून टाकण्यांत आला होता. २०१७ सालीं अलिबागच्या न्यायालयानें गुन्हेगारांस शिक्षा ठोठावल्या. त्यांत कांहींना जन्मठेप झाली. हस्तगत झालेल्या सोन्याचा नवा मुखवटा घडवून २०२१ च्या नोव्हेंबरांत, अंगारकीच्या दिवशीं, त्याची स्थापना झाली. कायद्याच्या दृष्टीनें प्रकरण संपलें. आमच्या मनांतून मात्र तें जाईना. मनुष्य आपल्या जिल्ह्याचा अभिमान बाळगतो, तर त्याची लाजहि त्यानें वांटून घ्यावी, हें न्याय्यच आहे.

गेल्या माघांत आम्ही उभयतां पुन्हां दिवेआगरास गेलों. तोच ओटा, तीच वाडी; पण वाडींत पूर्वींची दाट सांवली नव्हती. ३ जून २०२० रोजीं निसर्ग नांवाचें चक्रीवादळ ह्याच भागांत किनाऱ्यावर आदळलें, आणि वाडवडिलांनीं लावलेल्या पोफळी एका दुपारीं आडव्या झाल्या. पोफळीचें रोप लावल्यापासून फळावर येण्यास सहा-सात वर्षें लागतात. श्रीवर्धनी रोठा सुपारीवर ज्यांचा संसार, त्यांनीं तीं वर्षें काढावयाचीं कशीं? काका आतां नाहींत. त्यांचा मुलगा पूर्वीं मुंबईस नोकरीला होता; पाहुण्यांची वर्दळ वाढल्यावर तो गांवीं परतला आणि त्यानें वाडींत चार खोल्या बांधल्या. "टाळेबंदी उठल्यावर पाहुणे येऊं लागले, म्हणून चूल पेटली," असें तो म्हणाला. उंबऱ्याशीं ताम्हन नव्हतें. भिंतीवर दरांचा छापील फलक होता, आणि सूनबाई भ्रमणध्वनीवर पैसे जमा झाल्याची खात्री करून हंसून पावती देत होत्या. हें पाहून नाक मुरडणारे लोक आम्हांस ठाऊक आहेत. आम्हांला त्यांत गैर कांहींच वाटलें नाहीं. आपल्या श्रमांचें मोल मोकळेपणीं सांगतां यावें, हाहि एक आत्मसन्मानच आहे.

रात्रीं पानावर बसलों असतां सूनबाईंनीं सहज विचारलें, "आपण कुठले?" "नगर जिल्ह्यांतले, राहुरीचे," असें सांगतांना आमचा आवाज किंचित् उतरला. क्षणभर कोणी बोललें नाहीं. काकूंचें वय आतां ऐंशीच्या घरांत. त्यांनीं आमच्या मोदकावर तुपाची धार धरली आणि शांतपणें म्हणाल्या, "मास्तर, सोनं पुन्हां घडवतां आलं. तीं दोन माणसं कोणत्या मुशींत घालून घडवायचीं? त्यांत तुमचा जिल्हा काय नि आमचा काय! घ्या, मोदक निवतोय."

त्या रात्रीं आम्हांला झोंप आली नाहीं. १९९८ सालची ती रांग आठवत होती. एवढे लोक सोन्याचें वजन विचारीत होते. ह्या सोन्याशेजारीं रात्रीं कोण झोंपतो, त्याच्या हातांत काय असतें, असें आमच्यापैकीं एकाच्याहि मनांत आलें असेल काय? प्रसिद्धि वस्तूची झाली, आणि तिची किंमत ज्यांनीं दिली त्यांचीं नांवें लोकांस मेल्यावर कळलीं. प्रसिद्धीनें मुंबईचा मुलगा घरीं आणला, वादळानंतर चूल पेटती ठेवली, हें खरें. आणि तिनेंच अंधारांत दरोडेखोरांना वाट दाखविली, हेंहि खरें. दोन्ही गोष्टी एकाच खात्यावर मांडावयाच्या, आणि बाकी शून्य आली असें म्हणावयाचें, हें गणित आमच्यानें होत नाहीं. पैशाची जमा माणसाच्या खर्चांतून वजा होत नसते.

मात्र एक फरक आमच्या ध्यानांत आला. सोन्यासाठीं आलेली गर्दी सोनें गेल्यावर ओसरली होती, असें घरची मंडळी सांगत होती. जीं कुटुंबें समुद्रासाठीं, वाडीसाठीं, काकूंच्या हातच्या जेवणासाठीं येत, तीं त्यानंतरहि येत राहिलीं. पहिली गर्दी भरतीसारखी आली आणि भरतीसारखीच गेली. दुसरी मंडळी गांवाचीच होऊन राहिलीं. नवा मुखवटा आम्हीं भक्तीनें पाहिला. रूपनारायणाच्या देवळांत ह्या वेळीं एक शाळकरी मुलगी वहींत दशावतारांचीं नांवें उतरून घेत होती, तीही पाहिली.

आमच्या वाचकांपैकीं कोणी येत्या सुटींत तिकडे जाणार असतील, त्यांना वयाच्या अधिकारानें दोन शब्द सांगावयाचे आहेत. एका दिवसांत दर्शन उरकून परतूं नये. निदान दोन रात्री राहावें. मोटार किनाऱ्याच्या वाळूंत घालूं नये, कारण हिंवाळ्यांत ऑलिव्ह रिडले जातीचीं कासवें त्याच वाळूंत अंडीं घालतात, आणि चाकाखालीं काय गेलें तें चालविणाराला कळतहि नाहीं. मुलांना रूपनारायणाकडे न्यावें, आणि मराठी ताम्रपटाची गोष्ट सांगावी. मंदिरांतून निघतांना पहारेकऱ्याशीं दोन शब्द बोलावेत. यजमानांना नवीं पोफळीचीं रोपें केवढीं झालीं, हें विचारावें. सोन्याचें वजन विचारण्याचें कारण नाहीं. तें पूर्वींच पुष्कळांनीं विचारून झालें आहे.