खारेपाटणच्या पडवीतले मशीन

मुंबई-गोवा महामार्गावरून जाणाऱ्याला खारेपाटण म्हणजे एक पूल आणि एक बाजारपेठ. शुक नदीच्या पाण्याने विजयदुर्गापर्यंत जायचे तर समुद्र सुमारे ४० किलोमीटर लांब. तरी हे एके काळचे नावाजलेले बंदर. इथे सापडलेल्या शिलाहार राजा रट्टराजाच्या ताम्रपटात (शके ९३०, म्हणजे इ. स. १००८) परदेशाहून येणाऱ्या प्रत्येक जहाजामागे एक सुवर्ण गद्याण नेमून दिल्याची नोंद आहे. पुढे गाळ साचत गेला, मोठी जहाजे गेली, होड्या तेवढ्या राहिल्या.

जुलैत मासेमारी बंद असते, म्हणून याच दिवसांत मशिनी उघडल्या जातात. खाडीकाठी आमच्या मामूंच्या पडवीत, लाकडी घोडीवर त्यांचे जुने आउटबोर्ड टांगलेले होते. सलाम करून बसलो, तर मामूंनी नुसती मान हलवली. पंख्यावरच्या गिअरबॉक्सचा तळाचा स्क्रू ते सोडवत होते. तेल आले ते दूध जास्त झालेल्या चहासारखे.

"पाणी शिरलं," मामू म्हणाले.

पाण्याची वाट पंख्यामागे सापडली. जाळ्याचा नायलॉन दोरा दांड्याला गुंडाळला जाऊन आत सरकला होता आणि त्याने ऑइल सील कापले होते. भाच्याच्या मते सगळा खालचा भागच नवा घ्यावा. पण मुलीच्या नर्सिंगची फी भरायची होती, आणि ऑगस्टमध्ये मशीन खाडीच्या तोंडाशी बंद पडले तर सुकतीचे पाणी होडीला बाहेर ओढणार. स्वस्तात भागवायचे तर किती स्वस्तात, हा प्रश्न साधा नव्हता.

मामूंनी स्क्रूच्या टोकावरचा चुंबक बोटाने पुसला. राखाडी लगदा निघाला, तुकडे नव्हते. तुकडे असते तर गिअरचे दात गेले, मग सील बदलून उपयोग नाही. माझ्या मते बदलायचे की दुरुस्त करायचे, हे इथेच ठरते. दुकानदाराला विचारून ठरत नाही. जुना भाग विकत घ्यायचाच झाला, तर मॉडेल, दांड्याची लांबी आणि गिअरचे गुणोत्तर जुळलेच पाहिजे. नुसता तसाच दिसतो म्हणून आणलेला भाग घरात पडून राहतो.

गिअर बदलण्याची दांडी आधी सोडवून मग बोल्ट काढले. खाऱ्या पाण्याने दोन बोल्ट ॲल्युमिनियममध्ये घट्ट बसले होते. त्यांच्यावर तेल सोडून रात्र जाऊ दिली. हातोडा मारला असता तर घरच फुटले असते. वर पाण्याच्या पंपाचा रबरी पंखा होता, त्याच्या पाकळ्या रेतीने झिजलेल्या. खालचा भाग उतरवलाच आहे तर हा बदलायलाच हवा, नाहीतर थंड पाणी न मिळून इंजिन वर तापते.

सकाळी नवीन सील आणि बेअरिंग बसवल्यावर मामूंनी सायकलच्या पंपाने आत थोडी हवा भरली आणि जोडांवर साबणाचे पाणी लावले. एका ठिकाणी फुगा आला. सील पुन्हा काढले, पुसले, बसवले. दुसऱ्या वेळी फुगा आला नाही.

तेल खालच्या भोकातून भरायचे, वरच्या भोकातून बाहेर येईपर्यंत. वरून ओतले तर हवा अडकते. वरचे भोक ओले झाले, तसे मामूंनी आधी वरचा स्क्रू लावला, मग खालचा, आणि भाच्याला म्हणाले, "पिंप भर. पाण्यात चालवून बघू."