तळ्याच्या पाण्याची परीक्षा

वर्गांत रासायनिक पृथक्करण शिकतांना तें मला निव्वळ गणितच वाटे. पाण्यांत विरघळलेला प्राणवायु मोजण्याची जी रीत लायोश विंकलर ह्या हंगेरियन रसायनज्ञानें १८८८ सालीं प्रसिद्ध केली, ती मीं केवळ मुखोद्गत केली होती.

गेल्या आश्विनांत गांवच्या तळ्यांतील मासे मरूं लागले, तेव्हां आमचे शास्त्रशिक्षक आम्हांस तेथें घेऊन गेले. भर दुपारीं, आंत बुडबुडा राहणार नाहीं अशा बेतानें, आम्हीं बाटल्या भरल्या; मँगॅनीज सल्फेट व अल्कयुक्त आयोडाइड कांठावरच घातलें. तपकिरी सांका बसला. प्रयोगशाळेंत सल्फ्युरिक आम्लानें तो विरघळून आयोडिन मोकळें झालें. मग बुरेटमधून थायोसल्फेट थेंबथेंब सोडलें आणि पिष्टाचा निळा रंग ज्या थेंबास नाहींसा झाला, तेथें हात आवरला. २०० मिलिलिटर पाण्यास ०.०२५ नॉर्मल द्रावण जितके मिलिलिटर लागेल, तितके मिलिग्रॅम प्राणवायु त्या पाण्याच्या एका लिटरांत असतो. आमचें उत्तर आलें ९.४.

"पाण्यांत प्राणवायु विपुल आहे, मासे दुसऱ्याच कशानें मरत असावेत," असें मीं एका वृद्ध भोयास ऐटीनें सांगितलें.

जाळें सांधीत तो म्हणाला, "बाळा, मासे दुपारीं कुठें मरतात? पहांटे तरंगतात ते."

मी ओशाळलों. शिक्षकांस हें कळतांच ते म्हणाले, "मग पहांटेच जाऊं."

दुसऱ्या दिवशीं उजाडण्यापूर्वीं विजेरीच्या उजेडांत आम्हीं पुन्हां बाटल्या भरल्या. ह्या वेळीं सांका जवळजवळ पांढराच राहिला. उत्तर आलें १.६. दिवसा हिरवें शेवाळ सूर्यप्रकाशांत प्राणवायु निर्माण करतें. रात्रीं मात्र तेंच शेवाळ, मासे व तळाचा कुजका गाळ मिळून तो संपवितात.

आमचा पहिला आंकडा खोटा नव्हता. त्यावरून मीं काढलेलें अनुमान खोटें होतें. दोन्ही आंकडे वेळेसह वहींत शेजारीं शेजारीं लिहून मीं त्या वृद्धाची क्षमा मागितली. तळ्यांत येणारें सांडपाणी हेंच शेवाळाचें खाद्य होय. तें अन्यत्र वळवावें म्हणून आम्हीं ग्रामपंचायतीस अर्ज केला आहे, आणि त्यास दोन्ही आंकडे जोडले आहेत.