खोडावरचं बिऱ्हाड

दिवाळी अंकासाठी बागेतल्या शोभेच्या झाडाफुलांवर लिहा, असं संपादकांनी सुचवलं तेव्हा पहिली नावं ठरलेलीच होती. मूळचा मादागास्करचा गुलमोहर, ज्याचा आपल्याकडचा पहिला उल्लेख १८४० च्या सुमारास मुंबईत शिवडीला झाल्याचं सांगतात आणि ज्याच्यासाठी साताऱ्यात १९९९ पासून १ मे रोजी गुलमोहर दिन साजरा होतो. दक्षिण अमेरिकेतून आलेला कैलासपती, ज्याच्या फुलात भाविकांना नागफणीखालची पिंड दिसते. ब्रह्मदेशातली उर्वशी. या झाडांचं कौतुक होतं ते योग्यच आहे. पण त्यांच्यावर लिहायला बसलं की यंदाच्या मे महिन्यातला एक आंबा आडवा येतो.

पुण्यातल्या एका जुन्या सोसायटीतला हा आंबा. पावसाळ्याआधीच्या छाटणीत त्याच्यावरचं बांडगूळ काढायचं ठरलं. माणसं चढली, बांडगूळ उतरवलं आणि जोडीला मोठ्या फांद्यांवरची सीतेची वेणी नावाची आमरी, म्हणजे ऑर्किडही कोयत्यानं खरवडून काढली. सगळा ढीग एकत्रच कचऱ्याच्या गाडीत गेला. ‘झाड मोकळं झालं,’ म्हणून सभासद समाधानानं घरी परतले. त्या ढिगातल्या ठोंबांना पानांच्या बगलेतून कळ्यांचे घोस लागलेले होते. सीतेची वेणी मे-जूनमध्ये फुलते, म्हणजे शहरातली छाटणी नेमकी तिच्या ऐन बहरावर येते.

बांडगूळ आणि आमरी यांतला फरक सांगून सांगून वनस्पती-अभ्यासक थकले. तरी पुन्हा सांगायलाच हवा. बांडगुळाची चिकट बी फुलटोच्या पक्षी फांदीला पुसतो. ती रुजली की तिचं शोषकमूळ साल भेदून लाकडात शिरतं आणि झाडाचं पाणी व क्षार ओढून घेतं. अन्न मात्र बांडगूळ आपल्या हिरव्या पानांत स्वतःच तयार करतं, म्हणून ते अर्धपरजीवी. जिथे ते शिरलं तिथे फांदीला गाठ येते आणि गाठीपुढचा भाग हळूहळू वाळतो. आंबेवाल्यांचा त्याच्यावरचा राग समजण्यासारखा आहे. (मात्र हळदीकुंकू फुलपाखराच्या अळ्या याच बांडगुळाची पानं खाऊन वाढतात, तेव्हा तेही सरसकट निपटून काढण्याची घाई नको.)

आमरीचं तसं नाही. सीतेची वेणी फांदीवर फक्त बिऱ्हाड करून राहते, घरमालकाच्या स्वयंपाकघरात पाऊल टाकत नाही. तिची मुळं सालीवर पसरतात, लाकडात शिरत नाहीत. सुतळीएवढं जाड एखादं मूळ जवळून पाहावं. कोरडं असताना ते रुपेरी पांढरं दिसतं. त्यावर पाण्याचे चार थेंब टाकले की बघता बघता हिरवं होतं. मुळाभोवती मृत पेशींचं स्पंजासारखं आवरण असतं, त्याला वेलामेन म्हणतात. कोरडेपणी त्या पेशींत हवा असते, म्हणून मूळ पांढरं दिसतं. पाणी भरलं की आवरण पारदर्शक होतं आणि आतलं हरितद्रव्य दिसू लागतं. पावसाचं, धुक्याचं, सालीवरून ओघळणारं पाणी आणि त्यात विरघळलेले क्षार हे आवरण टिपून घेतं. ही मुळं झाडाचा रस पितात, ही समजूत साफ चुकीची आहे. आमरी हातानं अलगद सोडवून पाहा, खाली लाकडाला जखम सापडत नाही.

फुलाबद्दल तर किती सांगावं. लोंबणाऱ्या एका घोसात शंभराहून अधिक फुलं दाटीनं बसतात. एकेक फूल जेमतेम दोन सेंटिमीटरचं, पांढरं, त्यावर गुलाबी-जांभळे ठिपके आणि गडद जांभळी ओठपाकळी. आमरीचे पराग सुटे उडत नाहीत. मेणासारखे परागपुंज देठ आणि चिकट बुडासकट कीटकाच्या अंगाला चिकटून पुढच्या फुलावर जातात. आसाम आणि अरुणाचल प्रदेशाचं हे राज्यफूल. आसामात बिहूला बायका ते केसांत माळतात. आपल्याकडे त्याला सीतेचं नाव लाभलं, पण शहरात मान उंचावून ते पाहणारे फार थोडे.

खरवडलेली आमरी पुढच्या वर्षी आपोआप उगवेल, ही आशाही फोल आहे. एका बोंडात लाखांच्या घरात बिया असू शकतात, पण त्या धुळीसारख्या बारीक, सोबत अन्नाचा साठा नाही. निसर्गात विशिष्ट बुरशीची साथ मिळाल्याशिवाय त्या रुजत नाहीत. फ्रान्सच्या नोएल बर्नार यांनी १८९९ मध्ये हे उलगडलं. पुढे १९२२ मध्ये अमेरिकेत लुईस नडसन यांनी साखरयुक्त माध्यमावर बुरशीविना बिया रुजवून दाखवल्या आणि आमरीचं बी बाटलीत रुजवण्याचा मार्ग खुला झाला. आज नर्सरीतल्या फॅलेनॉप्सिस आणि डेंड्रोबियमच्या कुंड्या आवाक्यात आल्या, त्यामागे हे सगळं काम आहे. त्या जरूर घ्याव्यात. फक्त लाल मातीत लावू नयेत, कोळसा, विटांचे तुकडे आणि नारळाची सोडणं वापरावीत. फांदीवर मात्र बी रुजण्यापासून फुलण्यापर्यंत अनेक वर्षं जातात.

म्हणूनच जुन्या, खरबरीत सालीच्या झाडांचं मोल मोठं. राज्याच्या १९७५ च्या वृक्षसंरक्षण कायद्यात २०२१ मध्ये दुरुस्ती होऊन ५० वर्षं किंवा त्याहून अधिक वयाच्या झाडांना वारसावृक्ष म्हणून स्थान मिळालं, हे चांगलं झालं. तरीही वृक्षगणनेत मोजलं जातं ते झाड. त्याच्या फांद्यांवर कोण राहतं ते नोंदवलं जात नाही. हा रकाना वाढवणं अवघड नाही, आणि तो वाढावा असं फार मनापासून वाटतं.

तोवर सोसायट्यांना करता येण्याजोगं काम आहे. छाटणीआधी माहीतगाराला बोलवून आमरीच्या फांद्यांवर खडूनं खूण करावी. बांडगूळ गाठीच्या खालून फांदीसकट कापावं. आमरीची फांदी तोडावीच लागली, तर ठोंब मुळांसकट सोडवून त्याच झाडाच्या दुसऱ्या सावलीतल्या फांदीवर काथ्यानं बांधावा. नायलॉनची दोरी नको, ती मुळांना काचते. भोवती माती-शेण थापू नये, मुळं कुजतात. पाऊस सुरू होईपर्यंत रोज सकाळी पाणी शिंपडावं. मुळांना हिरवी कोवळी टोकं फुटून ती सालीला चिकटली, की काथ्या सोडला तरी चालतो.