धुऱ्यावरची मण्यार
भंडारा जिल्हा म्हणजे तळी आणि धान, एवढीच माझी समजूत! श्रावणातल्या रात्री कोक्याच्या जंगलाकाठी बांधीच्या धुऱ्यावरून चाललो होतो. पुढचा म्हातारा शेतकरी थबकला.

“भाऊ, पाय उचलू नका!”

विजेरीच्या उजेडात काळे-पिवळे पट्टे संथपणे सरकत होते. पाठ तिकोनी, शेपटी बोथट. पट्टेरी मण्यार! आम्हां पुणेकरांना हिचे दर्शन कुठले? महाराष्ट्रात ती या पूर्वेकडच्या मुलखातली. विषारी खरीच, माझा हात काठीकडे गेला.

“राहू द्या. दुसरे साप खाते ते.”

गेल्या पावसाळ्यात साध्या मण्यारीने त्याचा नातू झोपेतच नेला होता. दंश कुणाला कळलासुद्धा नाही.

शेपटी गवतात दिसेनाशी होईपर्यंत विजेरी त्यानेच धरली होती.