बुलेटला इंजेक्शन

"काका, १ एप्रिल २०२० ला बीएस-६ आलं. आता कार्ब्युरेटर कोण वापरतं?" असं म्हणून पुतण्याने माझ्या जुन्या बुलेटला इंजेक्शन बसवलं. टाकीत पंप, सायलेन्सरच्या पाइपात ऑक्सिजन सेन्सर (इंजेक्शन झालं, मग ऑक्सिजन आलाच!) आणि सीटखाली एक डबी. ती म्हणे एका ग्रॅम पेट्रोलला १४.७ ग्रॅम हवा मोजून देते. आमच्या वाण्यालाही इतका हिशेब जमत नाही.

सकाळी चोक ओढावा लागत नाही, हे कबूल. पण पूर्वी जेट तुंबला की मी भर रस्त्यात तो काढून फुंकर मारायचो. चार माणसं जमायची, सहाजण सल्ला द्यायचे. आता बॅटरी उतरली की पंप गप्प, डबीही गप्प. कितीही किका मारा, दुखतो तो आपलाच गुडघा. मग पुतण्या लॅपटॉप जोडून तपासतो आणि मी पेशंटच्या नातेवाइकासारखा बाजूला उभा.